बावीस अक्षरं

हाळे बाईंची शीर पटकन सापडत नाही.
चौथीत बोट ठेवून वाचायला
त्यांनीच शिकवलं होतं,
आता मी त्यांच्या कोपराच्या आतली
हिरवट ओळ बोटानं वाचतो. दोनदा चुकतो.

"काय शोधायलास रे विश्वंभऱ्या?"
"अक्षरं, बाई."
"रगतात?"

लातुरातल्या ह्या तळमजल्यावर
जनरेटरच्या वर आवाज चढवून सांगतो:
पेशीपेशीत बारके तुकडे असतात,
वीस-बावीस अक्षरांचे.
त्यांच्यापासून हाड बनत नाही की कातडं.
कुणी बोलायला लागलं की त्याला गप्प बसवायचं,
एवढंच त्यांचं काम.
बाई हसल्या. "म्हंजे मीच की."

चाकूरची पत्र्याची शाळा, छप्पन्न पोरं,
टेबलावर पट्टी एकदाच वाजायची.
मी मधल्या रांगेतला बडबड्या,
अर्धी चौथी बाकावर उभं राहून काढलेला.

पण गाठीत एक असा माजतो, बाई,
जो "थांब" म्हणणाऱ्यांचंच तोंड दाबतो.
एकवीस त्याचं नाव,
मोजली तर अक्षरं बावीस.
"हजेरीत एक जास्त," त्या लगेच म्हणाल्या.
मग खिडकीकडं बघत राहिल्या.

अकरा महिने संडासात रक्त बघून
त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
मूळव्याध असंल. नातवाची दहावी हाय.
आन् असलं कुणाला सांगावं, बाईमाणसानं?
शेवटी चक्कर आली ती बँकेच्या रांगेत.
वीतभर आतडं काढलं डॉक्टरांनी.
तेव्हापासून दर तीन महिन्यांनी
एक नळी माझ्याकडं.

पहिली मीच वाया घालवली.
चाकूरहून गाडीच्या डिकीत आणली, खड्ड्याखड्ड्यांतून.
सीरम गुलाबी उतरलं.
तांबड्या पेशी फुटल्या की त्यांचाही गलका मिसळतो,
कोण काय म्हणतंय कळेनासं होतं.
नमुना बाद.
आता बाई स्वतःच येतात, आठच्या एस्टीनं,
पिशवीत पाण्याची बाटली आणि माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा.

यंत्राचा हिशोब उलटा आहे.
जितक्या कमी फेऱ्यांत दिसलं, तितकं जास्त.
ऑपरेशनच्या आधी तेवीस.
नंतर सव्वीस, मग सत्तावीस. मी शेंगा फोडत बसलो होतो.
आज चौथी नळी.
चोवीस आणि थोडं.

नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक, सत्तेचाळीस.
हा रिपोर्ट नाही, अभ्यास आहे,
अजून दोनशे जणांची रक्तं पुण्याला जायची आहेत
कोरड्या बर्फात,
तेव्हा कुठं ठरेल ह्या आकड्याचं म्हणणं
खरं धरायचं की नाही.
रुग्णास निष्कर्ष कळवू नये.
खाली माझी सही आहे. सुवाच्य.
अक्षर बाईंनीच वळवलेलं.

मी पुन्हा लावलं. तीन खाचांत तीनदा.
चोवीस, चोवीस, चोवीस.
एवढीशी ओळ,
जिचा जन्म दुसऱ्याला गप्प करण्यात गेला,
तीच रक्तात उतरून बोलायला लागलेली,
आणि तिच्यापुढं मी,
तोंडावर बोट, हाताची घडी.

बाई बाकड्यावर बसलेल्या.
दंडावरचा कापूस अजून दाबून धरलेला,
तो कधीच सोडायला हवा होता.
"सांग की. सदा बोलायचास."

आकडा नाही सांगितला.
वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना म्हणालो,
सत्तेचाळीस एकदा बघा.
खाली आलो आणि म्हणालो,
बाई, दिवाळीनंतरची ती दुर्बीण
पुढं ढकलू नका. ह्याच सोमवारी करा.
मी येतो सोबत.

बराच वेळ त्या माझ्याकडं बघत होत्या,
उत्तर बरोबर आहे
पण रीत दाखवलेली नाही,
अशा पोराकडं बघावं तसं.

मग कापूस डब्यात टाकला.
"सोमवारी एस्टी उशिरा येती," म्हणाल्या,
"रविवारीच येऊन ऱ्हाते."